जपानात क्राफ्ट बिअर चाखायचीय? मग इवातेला जा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

जपानला जाणारे आपले बहुतेक लोक टोकियो, क्योटो, ओसाका एवढंच करून येतात आणि बिअर म्हणजे असाही, किरिन नाहीतर सप्पोरोचा कॅन, तोही रात्री हॉटेलवर परत येताना कन्व्हिनियन्स स्टोअरमधून उचललेला. त्या बिअरी चांगल्याच असतात, त्याबद्दल वाद नाही, पण जपानात आज जवळजवळ प्रत्येक प्रांतात लहान लहान ब्रुअरीज आहेत आणि त्यांची बिअर तिथेच जाऊन, तिथल्याच खाण्याबरोबर प्यायली की मजाच वेगळी असते. टोकियोच्या बारमध्ये वीस नळांवर वीस गावांची बिअर मिळते हे खरं, पण मग कुठली कुठची होती ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच की एकच प्रांत निवडा आणि तो नीट करा. मी इथे इवाते घेतलाय, होन्शू बेटाच्या उत्तरेला, तोहोकू भागात. कारण सरळ आहे, तोनो गावात हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या बोंडांची) शेती, इचिनोसेकीला साके म्हणजे तांदळाच्या दारूच्या जुन्या कारखान्यात बनणारी बिअर आणि मोरिओका शहरात जर्मन पद्धतीची ब्रुअरी, तिन्ही एकाच प्रांतात ट्रेनने फिरून बघता येतात, आणि गर्दी क्योटोच्या मानाने काहीच नाही. मोरिओकाचं नाव २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या '५२ ठिकाणं' यादीत लंडनच्या खालोखाल आलं तेव्हापासून परदेशी लोक थोडे वाढलेत, तरी निवांतपणा टिकून आहे.

आधी दोन मिनिटं इतिहास, कारण त्याशिवाय दुकानातल्या बाटल्या कळत नाहीत

१९९४ पर्यंत जपानात बिअरचं लायसन्स हवं तर वर्षाला कमीत कमी २० लाख लिटर बनवायची अट होती, त्यामुळे चार-पाच मोठ्या कंपन्या सोडल्या तर कोणाला या धंद्यात पाऊलच टाकता येत नव्हतं. १९९४ मध्ये ही मर्यादा एकदम ६० हजार लिटरवर आणली आणि गावोगावी 'जी-बीरु' म्हणजे गावची बिअर निघायला लागली. पर्यटन वाढवायला म्हणून नगरपालिकांनी काढल्या, हॉटेलवाल्यांनी काढल्या, साके बनवणाऱ्या जुन्या घराण्यांनी काढल्या. सगळ्यांनाच ते जमलं नाही, किंमत जास्त आणि चव यथातथा, त्यामुळे २००० च्या आसपास पुष्कळ बंद पडल्या. ज्या टिकल्या त्या मात्र कसून शिकल्या, आणि आज आपण पितो ती बिअर त्यांच्या त्या शिकण्यातून आलेली आहे.

दुसरी गोष्ट 'हाप्पोशू', म्हणजे बिअरसारखंच पण कायद्याने बिअर न ठरणारं पेय. एखाद्या छान दिसणाऱ्या क्राफ्ट बाटलीवर बिअरऐवजी हाप्पोशू लिहिलेलं असलं तर दचकू नका. सुपरमार्केटमधली स्वस्त हाप्पोशू वेगळी, ती कर वाचवायला माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) कमी टाकून बनवतात. क्राफ्टवाल्यांची बहुतेक वेळा फळं, मसाले असं काहीतरी जास्त घातल्यामुळे कायद्याने त्या खात्यात जाते. एप्रिल २०१८ पासून नियम थोडा सैल झाला, माल्टचं प्रमाण ६७ टक्क्यांऐवजी ५० टक्के चालतं आणि ठरलेल्या मर्यादेत फळं, मसाले, अगदी ऑयस्टर (कालवं), कोंबू (समुद्री शेवाळ) आणि कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पापुद्रे) सुद्धा घालून तिला बिअर म्हणता येतं. तर लेबलवर कुठला शब्द आहे यावरून दर्जा ठरवू नका, आत काय घातलंय आणि कुठे बनलीय ते बघा.

कुठे बनलीय हे बघणं तर फारच महत्त्वाचं. गिंगा कोगेन नावाची निळ्या लेबलची गव्हाची बिअर जपानभर मिळते, ती मूळची इवातेच्या डोंगरातली, पण नंतर ती नागानोच्या योहो ब्रुइंगकडे गेली आणि इवातेतली ब्रुअरी २०२० मध्ये बंद झाली. प्यायला अजूनही छानच आहे, फक्त इवातेची आठवण म्हणून बाटली घ्यायची असेल तर दुसरी घ्या. लेबलच्या मागे बनवणाऱ्याचा पत्ता असतो, मोबाइलचा कॅमेरा ट्रान्सलेशनवर टाकून धरला की लगेच कळतं.

कधी जायचं

ऑगस्टचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात हा सगळ्यात चांगला काळ. ऑगस्टच्या शेवटी तोनोमध्ये हॉप्सची काढणी चालू असते आणि हॉप हार्वेस्ट फेस्टिव्हल भरतो, इचिनोसेकीला १९९८ पासून देशभरातल्या लहान ब्रुअरीजचा मेळा भरतो तोही ऑगस्टमध्येच. तारखा दर वर्षी थोड्या हलतात त्यामुळे तिकीट काढायच्या आधी त्या त्या वर्षीचं जाहीर झालेलं वेळापत्रक बघा. ऑगस्टच्या मध्याला ओबोन हा पितरांचा सण असतो, सगळा जपान आपापल्या गावी निघतो, त्या आठवड्यात शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) रिझर्वेशन मिळायची मारामार, तो टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताज्या हॉप्सच्या बिअरी यायला लागतात, हवा थंड होते आणि डोंगर लाल-पिवळे व्हायला लागतात, मला स्वतःला हेच दिवस सगळ्यात आवडतात. हिवाळ्यात बर्फ असतो, गाड्या लेट होऊ शकतात, पण काळ्या आणि जास्त अल्कोहोलच्या जड बिअरी तेव्हाच खऱ्या लागतात. पहिल्यांदा जाताय तर शरद ऋतू बघा.

रूट कसा आखायचा

आठवड्याची आखणी अशी करा की शनिवारची दुपार मोरिओकात पडली पाहिजे, का ते पुढे सांगते. म्हणजे गुरुवारी टोकियोहून इचिनोसेकी, शुक्रवारी तोनो, शनिवारी मोरिओका, रविवारी परत.

टोकियो ते इचिनोसेकी तोहोकू शिंकान्सेनने दोन-अडीच तास लागतात. एक लक्षात ठेवा, या मार्गावरच्या गाड्यांत हायाबुसा सगळ्यात फास्ट असली तरी प्रत्येक हायाबुसा इचिनोसेकीला थांबत नाही, आणि तिच्यात सगळे डबे रिझर्व असतात, अनरिझर्व तिकिटावर चढता येत नाही. यामाबिको जास्त स्टेशनं घेते, थोडा वेळ लागतो इतकंच. टोकियो-मोरिओका एका बाजूचं तिकीट साधारण पंधरा हजार येनच्या आसपास जातं, म्हणून परदेशी पासपोर्टवर मिळणारा जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा पास घेतला तर परवडतो का ते आधी हिशोब करून बघा. पासच्या किमती आणि अटी मधूनमधून बदलतात तेव्हा जेआरच्या साइटवरच बघा, जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. नोकरीसाठी टोकियोत राहणाऱ्या आपल्या लोकांनी पासची अट आधी वाचा, रेसिडेंट कार्ड असलं तर कुठला चालतो कुठला नाही हे पासप्रमाणे वेगळं असतं.

इचिनोसेकीहून तोनोला जायचं तर शिंकान्सेनने शिन-हानामाकी आणि तिथून कामाइशी लाइनची छोटी गाडी, पाऊण ते एक तास. ही गाडी तास-दोन तासांनी एक असते, चुकली की बसा स्टेशनवर, म्हणून बिअरची वेळ गाडीवरून ठरवायची, गाडीची वेळ बिअरवरून नाही. तोनोहून मोरिओकाला हामायुरी नावाची रॅपिड थेट जाते, दिवसातून मोजक्याच, तिच्या वेळा आधीच लिहून ठेवा.

इचिनोसेकी: साकेच्या कोठारातली बिअर

इथली सेकिनोइची ही १९१८ पासूनची साके बनवणारी कंपनी, बिअर ते 'इवाते कुरा' नावाने काढतात. स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटं. जाड भिंतींची जुनी कोठारं, त्यातल्या एकात साके बनवायच्या जुन्या लाकडी अवजारांचं म्युझियम आहे, आधी ते बघून घ्या, मग रेस्टॉरंटमध्ये बसा. इथे जेवणाची वेळ सांभाळा, जपानातल्या गावांमध्ये दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं, कधी कधी उघडतही नाही.

दोन बिअरी इथे सोडायच्या नाहीत. एक सानशो एल (एल हा बिअरचाच एक प्रकार). सानशो म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा नातेवाईक, त्याच कुळातला, चव जिभेला तशीच हलकी झिणझिणी आणणारी, पण वासात लिंबाची साल जास्त. ज्याने तिरफळ घातलेली माशाची आमटी खाल्लीय त्याला पहिल्या घोटाला ओळख पटते. ग्लास नाकाशी धरून आधी दोनदा वास घ्या, मग घोट घेऊन लगेच न गिळता तोंडात फिरवा, मागून येणारी ती झिणझिणी सावकाश चढते आणि घोट गिळल्यावरही जिभेच्या टोकाला राहते. सिंगापूर-दुबईच्या बारमध्ये मिळणाऱ्या पन्नास बिअरींमध्ये हे सापडणार नाही, कारण हे झाडच या मातीतलं आहे.

दुसरी ऑयस्टर स्टाउट, काळी, दाट, शेवटाला किंचित खारटपणा. त्यात रिकुझेनताकाताच्या हिरोता उपसागरातले ऑयस्टर घालतात. २०११ च्या त्सुनामीत हा किनारा उद्ध्वस्त झाला होता, ऑयस्टरची शेती पूर्ण वाहून गेली होती, तिथे ती पुन्हा उभी राहिली हे माहीत असेल तर ग्लास हातात घेताना वेगळंच वाटतं. शाकाहारी मंडळींनी मात्र ही घेऊ नये, नावापुरता ऑयस्टर नाहीये, खरोखर घालतात.

खायला मोची घ्या, म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेले मऊ गोळे. इचिनोसेकीचा हा भाग मोचीसाठीच प्रसिद्ध, सणासुदीला, लग्नाला, पाहुणे आले की मोची, आणि वाट्या वाट्यांमधून वेगवेगळ्या चवींची येते. हिरव्या सोयाबीनची झुंदा, अक्रोडाची, काळ्या तिळाची, लाल घेवड्याच्या गोड पुरणाची. अक्रोडाच्या मोचीबरोबर काळी बिअर आणि झुंदाबरोबर गव्हाची वाइत्सेन हे दोन्ही करून बघा. मोची चिकट असते, लहान घास घ्या, घरातली म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

वेळ उरला तर हिराइझुमी तिथून जेमतेम दहा मिनिटांवर आहे, चुसोन्जीचं सोनेरी मंदिर बघून या. अर्थात ते सकाळी, बिअर नंतर.

चाखायचं कसं, हे एकदा नीट समजून घ्या

जवळजवळ प्रत्येक ठिकाणी 'नोमिकुराबे सेत्तो' मिळतो, म्हणजे तीन-चार लहान ग्लासांचा ट्रे, प्रत्येकी शंभर-दीडशे मिली. एका ट्रेमध्ये साधारण एका बाटलीएवढी बिअर पोटात जाते. किंमत बहुतेक ठिकाणी हजार-दीड हजार येनच्या घरात. पहिल्या फेरीला हाच घ्यायचा, आणि मग जी सगळ्यात आवडली तिचा एक मोठा ग्लास, बस. एका दिवसात दोन ठिकाणं पुष्कळ झाली, तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही आणि पैसे वाया जातात.

क्रम असा ठेवा की हलकी आणि फिकट आधी, मग गव्हाची, मग तांबूस, मग कडू आयपीए, शेवटी काळ्या आणि जास्त अल्कोहोलच्या. आंबट बिअर असेल तर ती वेगळी, मधे पाणी पिऊन घ्या. ट्रे आला की सरळ डावीकडून सुरुवात करू नका, बरेचदा तो याच क्रमाने मांडलेला असतो पण नेहमी नसतो, विचारून घ्या. काळ्या बिअरला पाच-दहा मिनिटं ग्लासात तशीच राहू द्या, फ्रीजमधून आल्या आल्या तिचा वासच येत नाही, गारवा थोडा उतरला की कॉफी, चॉकलेट, भाजलेल्या पावाचा वास बाहेर येतो. आपल्याकडे बिअर म्हणजे दाताला कळ येईल इतकी थंड ही सवय आहे, ती इथे सोडा. पुण्यात २००९ ला डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून ज्यांनी ताजी बिअर टाकीतून सरळ ग्लासात घेऊन प्यायलीय त्यांना हा फरक लगेच कळेल.

पाणी मागायला लाजू नका, 'ओमिझु कुदासाइ' म्हटलं की फुकट मिळतं, दर ग्लासामागे तेवढंच पाणी प्या. काय घ्यावं कळत नसेल तर 'ओसुसुमे वा नान देस का', म्हणजे तुम्ही काय सुचवाल. लहान गावातला माणूस एवढ्या एका प्रश्नावर इतका खुलतो की मेनू बाजूला राहतो आणि तो फोनवर ट्रान्सलेटर काढून तुम्हाला बार्ली कुठली, पाणी कुठलं सगळं सांगायला लागतो. फोनमध्ये नाव, रंग, एक ओळ चव एवढं लिहून ठेवा आणि लेबलचा फोटो काढा.

अजून दोन रीती. बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिला 'ओतोशी' म्हणतात, ती फुकट नसते, तीनशे-पाचशे येन बिलात लागतात, हा तिथला टेबल चार्ज समजा आणि त्यावरून वाद घालू नका. आणि बारमध्ये प्रत्येक माणसाने निदान एक पेय मागवायचं असतं, तिघांत एक ट्रे घेऊन बसणं बरं दिसत नाही. न पिणाऱ्याने ज्यूस नाहीतर चहा मागवला तरी चालतं. टिप द्यायची नसते. रोख पैसे जवळ ठेवा, लहान टॅपरूममध्ये (ब्रुअरीच्या स्वतःच्या बारमध्ये) कार्ड चालेलच असं नाही.

तोनो: हॉप्सच्या गावात

खरं सांगायचं तर सगळ्या ट्रिपमधलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण हेच. तोनो लोककथांसाठी आणि कप्पा नावाच्या पाण्यातल्या भुतासाठी प्रसिद्ध आहे, पण १९६३ पासून इथले शेतकरी किरिनशी करार करून हॉप्स पिकवतात. किरिन दर वर्षी शरदात आपल्या इचिबान शिबोरी या बिअरचा 'तोरेताते हॉप' नावाचा खास प्रकार काढते तो इथल्याच ताज्या, न वाळवलेल्या हॉप्सचा. म्हणजे मोठ्या कंपनीच्या कॅनमध्येसुद्धा हे गाव आहे. शेतकरी म्हातारे होत चालले, संख्या घटत गेली, तेव्हा गावाने ठरवलं की नुसते हॉप्स पिकवून पाठवायचे नाहीत, बिअरही इथेच बनवायची, इथेच पाजायची, आणि त्यातून बाहेरची तरुण मंडळी इथे येऊन राहिली. स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर २०१८ मध्ये उघडलेला तोनो ब्रुइंगचा टॅपरूम आहे, काचेपलीकडे टाक्या, अलीकडे बसायचं टेबल. गावातले जुने साकेवाले कामिहेइ शुझो 'झुमोना' नावाची बिअर काढतात, तीही चाखा. टॅपरूमला आठवड्याची सुट्टी असते, जायच्या आधी त्यांच्या पेजवर बघून घ्या, दरवाजा बंद मिळाला तर तोनोमध्ये पर्याय फार नाहीत.

हॉप्सची शेती पहिल्यांदा बघताना मान वर करावी लागते. साधारण पाच मीटर उंच खांब, त्यावर तारा, आणि तारांवरून दोऱ्या खाली सोडलेल्या, त्या दोऱ्यांना वेल गरागरा वेढे घालत थेट वरपर्यंत गेलेला. दोन ओळींमधून बघितलं तर हिरवा बोगदाच. फळ म्हणजे बोटाच्या पेराएवढं हिरवं, कागदी पाकळ्यांचं बोंड, हाताला अगदी हलकं. ते उभं फाडलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी जर्द पूड दिसते, ल्युपुलिन, बिअरचा सगळा कडूपणा आणि वास त्या चिमूटभर पुडीत असतो. बोटांवर चोळा, आधी लिंबाचा, मग ओल्या गवताचा वास येतो आणि बोटं चिकट होतात, तो वास साबणानेसुद्धा लवकर जात नाही. त्यानंतर जो ग्लास प्याल त्यात तो वास तुम्हाला सापडतोच. पण कोणाच्याही शेतात परस्पर शिरायचं नाही, ती खाजगी जमीन आहे आणि बाहेरच्या बुटांबरोबर रोगही येतात. स्टेशनसमोरच्या टूरिस्ट सेंटरमध्ये विचारा, काढणीच्या दिवसांत शेत दाखवणाऱ्या टूर असतात.

सायकल भाड्याने मिळते, कप्पाबुची (कप्पाचा डोह), भातशेती, जुनी कौलारू-गवताच्या छपरांची घरं बघायला ती उत्तम. मात्र सायकल सकाळी फिरवा, परत करा, आणि मगच बिअर. याबद्दल खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

बिअरबरोबर इथे पादरोन मिरची मिळते, स्पेनची हिरवी मिरची, तोनोमध्ये बिअरचा चखणा म्हणूनच लावायला लागले, तेलात परतून वर जाड मीठ. बहुतेक गोडसर, मधेच एखादी तिखट निघते. मांसाहारींसाठी जिंगिसुकान, म्हणजे तव्यावर भाजलेलं मेंढीचं मटण, इथे ते पत्र्याच्या बादलीवर तवा ठेवून करायची पद्धत आहे, ती बघण्यासाठी तरी एकदा मागवा. त्याच्याबरोबर कडवट पेल एल छान जाते.

मोरिओका: शनिवारची संध्याकाळ

आता शनिवारचं कारण. स्टेशनपासून दहा मिनिटांवर झाइमोकुचो नावाची जुनी गल्ली आहे, कितागामी नदीच्या कडेने, तिथे एप्रिल ते नोव्हेंबर दर शनिवारी दुपारनंतर 'योइची' नावाचा बाजार भरतो. शेतकरी भाजी, फळं, मशरूम घेऊन येतात, आणि मधे बेआरेनचा स्टॉल, ज्याच्यापुढे रांग लागलेली असते. बेआरेन ही मोरिओकाची ब्रुअरी, कंपनी २००१ ची, बिअर २००३ पासून, जर्मनीहून आणलेल्या शंभर वर्षांहून जुन्या तांब्याच्या भांड्यांमध्ये बनवतात. त्यांची क्लासिक ही सोनेरी लागर, माल्टचा पावासारखा वास आणि शेवटाला स्वच्छ कडूपणा. बाकी सगळे आयपीएच्या मागे लागलेले असताना ही मंडळी जर्मन लागर, आल्ट, श्वार्त्स अशा जुन्या प्रकारांना धरून राहिली याचं मला फार कौतुक आहे. ग्लास घेऊन गल्लीच्या कडेला लोक उभे असतात, आजीबाई पण, ऑफिसवाले पण, बाबागाडी घेतलेले आई-बाप पण, आणि एकमेकांशी बोलतात. जपानात अनोळखी माणसं एवढ्या सहज बोलताना मी दुसरीकडे फारशी पाहिली नाहीत. बाजार संध्याकाळी लवकर आवरतो, अंधार पडल्यावर पोचाल तर काही मिळणार नाही, चारच्या आसपास जा. ग्लास, डिश जिथे द्यायला सांगतात तिथेच परत द्या.

नंतर जेवायला बेआरेनची शहरात स्वतःची रेस्टॉरंट्स आहेत, सॉसेज, बटाटे वगैरे. ब्रुअरीसुद्धा बघता येते पण बुकिंग करून, आयत्या वेळी जाऊन दरवाजा ठोठावू नका. मोरिओकाच्या तीन नूडल्स, रेइमेन, जाजामेन आणि वांको सोबा, खायच्याच असतील तर दुपारी खा, वांको सोबा खाल्ल्यावर पोटात बिअरला जागा राहत नाही.

शाकाहारी असाल तर

जपानात अडचण मांसाची नसते, दाशीची असते. बहुतेक सूप, सॉस, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात माशाचा अर्क असतो, आणि तिथल्या माणसाला तो 'मासा' वाटतच नाही, त्यामुळे 'नो फिश' म्हटलं तरी मिसो सूप समोर येतं. म्हणून 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशी मो दामे देस' हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीत करून ठेवा आणि दाखवा. न विचारता चालतील अशा गोष्टी म्हणजे एदामामे, मीठ लावलेली पादरोन, गोड मोची. टोफू मागवला तर वर कात्सुओबुशीचे पापुद्रे टाकून देतात, 'कात्सुओबुशी नाशी दे' असं आधीच सांगा. आणि नान्बू सेनबेई, गव्हाच्या पिठाच्या तीळ नाहीतर शेंगदाणे लावलेल्या कडक चकत्या, इवातेत कुठेही मिळतात, लागरबरोबर झकास लागतात आणि बॅगेत टिकतात. स्टेशनवरच एक पाकीट घेऊन ठेवा.

कायदा, आणि इथे अजिबात सूट नाही

दारू प्यायचं वय २०. गाडी चालवणार असाल तर एक घोटही नाही, श्वासात लिटरला ०.१५ मिलिग्रॅम सापडलं की गुन्हा, आणि शिक्षा चालवणाऱ्यालाच होते असं नाही, पाजणाऱ्याला आणि माहीत असून शेजारी बसणाऱ्यालाही होते. सायकललाही हे लागू आहे, १ नोव्हेंबर २०२४ पासून तेवढंच अल्कोहोल अंगात असताना सायकल चालवली तर तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाख येनपर्यंत दंड. ग्रुपने भाड्याची कार घेतलीच असेल तर एकाने न प्यायचं ठरवा, तिकडे त्याला 'हँडल कीपर' म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यासाठी अल्कोहोल नसलेली बिअर ठेवतात. त्याच्यासाठी बाटल्या पार्सल घ्या, बिचाऱ्याला रात्री हॉटेलवर चाखता येतील.

शिंकान्सेनमध्ये बिअर पिणं चालतं, सगळेच पितात. लोकल गाडीत, लांब बाकांवर समोरासमोर बसलेलं असताना काढू नका. आणि हॉटेलला ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचं कुंड असेल, इवातेत पुष्कळ ठिकाणी असतं, तर आधी आंघोळ मग बिअर. पिऊन गरम पाण्यात उतरणं खरंच धोक्याचं आहे, चक्कर येते, लोक बुडालेत.

बाटल्या घरी नेताना

मोरिओका स्टेशनच्या दुकानांत इवातेच्या बऱ्याच ब्रुअरीजच्या बाटल्या एकत्र मिळतात, त्यामुळे दोन दिवस काच पाठीवर वाहू नका, शेवटच्या दिवशी घ्या. लेबलवर 'योरेइझो' असेल तर ती फ्रीजमध्येच ठेवायची, अशा बाटल्या भारतात न्यायच्या फंदात पडू नका, टोकियोत राहणाऱ्यांनी कूल ताक्क्युबिन या थंड कुरियरने घरी पाठवाव्यात, दुसऱ्या दिवशी थंडगार दारात येतात. 'शोमिकिगेन' म्हणजे कधीपर्यंत चांगली ती तारीख, तीही बघा. विमानात चेक-इन बॅगेतच, प्रत्येक बाटली मोज्यात घालून मग कपड्यांच्या मधोमध, कडेला नाही. भारतात माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता नेता येते, आणि इवातेच्या बाटल्या बहुतेक ३३० मिलीच्या असतात, म्हणजे बरोब्बर सहा. त्यात काळी स्टाउट आणि जड बिअरी जास्त घ्या, प्रवासात त्या टिकतात, आयपीए आणि ताज्या हॉप्सच्या बिअरी तिथेच पिऊन या, त्यांचा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरतो.